सुराची जागा

आमच्या गावच्या नदीकाठच्या देवळात रोज पहाटे सनई वाजते. वाजवणारे दोघे भाऊ. थोरले बापूकाका राग आळवायचे आणि धाकटे तात्या शेजारी बसून दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरायचे. एकच स्वर, अखंड. सूर धरणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये. लोक माना डोलवायचे त्या बापूकाकांकडे बघून. मला तात्यांचं उगीच वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात तात्या गेले. देवस्थानाने विजेवरची सूरपेटी आणून दिली, ती अजून फडक्यात गुंडाळलेलीच आहे. बापूकाका आता एकटेच वाजवतात, नदीकडे तोंड करून.

आज ऐकताना जाणवलं, ते मध्येच थांबतात आणि जरा जास्तच वेळ थांबतात.

"काका, दम लागतो का हल्ली?" मी विचारलं.

"दम कसला रे! जन्मभर त्याच्या सुरावर वाजवलं, पण माझ्याच नादात तो कधी नीट ऐकला नाही. आता थांबलो की ऐकू येतो."

मी गाभाऱ्याकडे पाहिलं. देवाला आळवतानाही आपलंच चालू असतं. त्याच्या बाजूने काही अखंड वाजत असेल, तर ते कधी ऐकायचं?

बापूकाकांनी सनई पुन्हा ओठांना लावली आणि न फुंकताच खाली घेतली. समोर बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं, एकाच स्वरात, मध्ये श्वाससुद्धा न घेता.