नायजेलचं स्टूल

आमच्या शनिवारच्या बैठकीत गाणं दोन तास होतं आणि त्यावरच्या गप्पा आठवडाभर पुरतात. एक किस्सा सांगून संपतोय तोवर दुसरा घडलेला असतो! त्यातून नायजेल आमच्यात होता ती दोन वर्षं म्हणजे तर विचारूच नका. बाकीचे ते किस्से हसत सांगतात. मी दातओठ खात सांगतो.

बैठक सिंगापुरात, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये. मी साने. सोमवार ते शुक्रवार रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत अकाउंटंट, शनिवारी पेटीवाला. इथल्या मराठी मंडळाच्या गाण्यांना चाली लावतो त्याही मीच. तबल्यावर पेठे, आयटीवाला. गाणाऱ्या चार-पाच जणी. आणि माझी बायको वृंदा, चहाकडे लक्ष ठेवत स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचा कान फार तयार आहे. पण लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, माझ्या पेटीला तिच्या तोंडून एकदाही ‘वा’ ऐकलेला नाही. फार तर, “आज बरं झालं हो.”

*

नायजेल पेठेचा शेजारी. इंग्रज संगीतकार, तिकडच्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांसाठी लिहिणारा, इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलेला. पेठेनं त्याला बैठकीला आणलं आणि वर ओळख करून दिली, “हे साने. हेसुद्धा कंपोझर!”

नायजेलचा चेहरा खुलला. “अरे वा! सध्या कशावर काम चाललंय?”

“गणपतीतल्या बालनृत्यावर,” मी म्हणालो.

पेठे तबल्यावर आडवा!

*

त्याला मांडी घालता येईना. पाय इतके लांब की पेठेच्या डग्ग्यापर्यंत पोचायचे. वृंदानं लगेच प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं. कुठे? तर स्वयंपाकघराच्या दारात, स्वतःशेजारी!

तेव्हापासून दर शनिवारी तेच. मी इकडे जीव तोडून भैरवी वाजवतोय, आणि तिकडे वृंदाचे ओठ हलताहेत, नायजेल मान डोलावतोय. चहा आधी त्याला. त्यात आलं जास्त.

“काय बोलत होतीस त्याच्याशी?” मी विचारायचो.

“कुठे काय? काही नाही.”

माझा नुसता जळफळाट व्हायचा.

*

एकदा माझी भैरवी संपल्यावर नायजेल म्हणाला, “हेच पुन्हा वाजवाल?”

वाजवलं. तो म्हणाला, “हे वेगळं होतं.” पुन्हा वाजवलं. “हे तर आणखी वेगळं!”

पेठे म्हणाला, “सर, आमच्यात पुन्हा म्हणजे नव्यानं!”

सगळे हसले. नायजेल मात्र गंभीरच. “सगळं बदललं,” तो म्हणाला, “फक्त शेवटचं वळण तेच राहिलं.” बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, “बघा, कान कसा आहे!” वाजवलं मी, कौतुक त्याच्या कानाचं!

*

मग कळलं की त्याला एका ऑर्केस्ट्रासाठी वीस मिनिटांची रचना करायचीय आणि त्यासाठी अख्खं वर्ष दिलंय. मी चाली लावतो त्या ऑफिसातून घरी येताना, एमआरटीच्या गाडीत दाराशी उभं राहून, कुणाची तरी बॅग बरगडीत घेऊन. हे मी जेवताना बोलून दाखवलं.

आमची सई म्हणाली, “बाबा, अंकलना होल इयर, तुम्हाला वन एमआरटी राइड, लाह!”

वृंदाला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला.

*

गणपतीत मंडळाच्या जोशीकाकूंनी नायजेलला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं. त्याला वेळ हवा म्हणून माझ्या गाण्याचं एक कडवं कापलं! तो माइकवर म्हणाला, “मला सान्यांचा हेवा वाटतो. यांची गाणी लोक लिफ्टमध्ये गुणगुणतात. माझं कुणी कधीच गुणगुणत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट. त्यालाच!

*

शेवटी त्याची ती रचना झाली. रविवारी दुपारी, मोठ्या हॉलमध्ये. आम्हा सगळ्यांना पास. वृंदा ठेवणीतली पैठणी नेसली. माझ्या गाण्याला साधं सिल्क नेसली होती, ते मी विसरलो नव्हतो. मला एवढंच बघायचं होतं, त्याला ती ‘वा’ म्हणते का. अर्धं लक्ष स्टेजवर, अर्धं तिच्या ओठांवर. ओठ गच्च मिटलेले.

मधल्या संथ भागात ओबोनं, म्हणजे त्यांच्याकडच्या सनईनं, एक ओळ घेतली आणि मी ताठ झालो. ते माझं वळण होतं! भैरवी संपवताना षड्जावर येण्याआधी मी घेतो, तेच. चोर सापडला, म्हटलं.

तेवढ्यात मागच्या कोरसमधली एक चिनी मुलगी उभी राहिली, हलक्या आवाजात, पण स्पष्ट म्हणाली, “वा.” आणि खाली बसली.

मध्यंतरात मी नायजेलला गाठलं. “वळण माझं आहे, ते कळलं. पण तो ‘वा’ तुम्हाला कुठून सुचला?”

“सुचला नाही,” तो म्हणाला. “तुमच्या घरी स्टुलावर बसून ऐकला. दर शनिवारी, त्याच जागी, अगदी हळू. मला वाटलं, तो तुमच्या रचनेचाच भाग आहे.”

मी वळून वृंदाकडे पाहिलं. ती पैठणीचा पदर सारखा करत होती.

“अहो, चला,” ती म्हणाली, “घंटा झाली.”