आतोबांचं गाव वेगळं होतं

जर्मनांना वक्तशीरपणाची शिकवणी देऊ शकेल असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो साताऱ्याचा होता. माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान, म्हणून आमचे आतोबा. फ्रँकफर्टपासून तासाभरावरच्या ज्या गावात मी नोकरी करत होतो, तिथल्याच गिअरबॉक्सच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि त्यांनी बस-ट्रेनचं वेळापत्रक पाठ करून टाकलं. आसपासच्या गावांनी मिळून चालवलेला वाहतूक संघ, म्हणजे फेरबुंड, हे त्यांचं दुसरं एकत्र कुटुंब. जेवायला बोलावलं, तर भाजी वाढण्याआधी ते परतीची बस सांगत. एकदा बस मिनिटभर लवकर सुटली म्हणून त्यांनी ड्रायव्हरला पत्र लिहिलं. तो पुढं दरवर्षी दिवाळीच्या फराळाला येऊ लागला.

शनिवारी त्यांच्या पासावर आणखी एक माणूस फुकट नेता येई. आत्या जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात होत्या. आजारपणात त्या जर्मन विसरल्या, मराठी तेवढं उरलं. जेवताना शेजारी कुणी मराठीत गप्पा मारल्या तरच चार घास खात, नाहीतर ताट तसंच परत जाई. आतोबांचं तर सगळं बोलून संपलेलं. म्हणून दर शनिवारी दहाच्या ट्रेननं कारखान्यातल्या एखाद्या मराठी इंजिनिअरला ते घेऊन जात. बहुतेक वेळा मीच सापडायचो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास नगरपरिषदेत ठराव आला: फेरबुंडची वर्गणी परवडत नाही, बाहेर पडू, गावाची स्वतःची बस काढू. आतोबांना हे धाकट्या भावानं वेगळं होण्यासारखं वाटलं, आणि अशा वेळी घरी जाऊन समजूत काढायची असते. रविवारी दुपारी, न कळवता, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन ते नगरसेवकांच्या दारोदार फिरले. मागे मी, शरमेनं अर्धा झालेला. एका बाईंनी शांतपणे समजावलं की मतदानाआधी असं काही देणं म्हणजे लाच. आतोबांनी डब्याचं झाकण लावलं.

पासपोर्ट भारतीयच ठेवल्यामुळं त्यांना गावच्या निवडणुकीत मत नव्हतं, पण परिषदेच्या सभेत गावात राहणाऱ्या कुणालाही प्रश्न विचारता येत. ते उठले. "आल्झो, म्हणजे असं बघा, तुमची बस दहाच्या ट्रेनच्या आधी पोचेल ना?" महापौर म्हणाले, प्रयत्न करू. ठराव मंजूर झाला.

पुढं मी ड्रेस्डेनला नोकरी घेतली. वर्षभरानं एका शनिवारी मुद्दाम आतोबांबरोबर जायला आलो. गावाची नवी बस आम्हाला घेऊन स्टेशनात पोचली तेव्हा दहाची ट्रेन नुकतीच सुटली होती. शनिवारी त्याआधी बस नाही, आणि स्टेशनपर्यंतच्या चढावरून चालणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. हे आता दर आठवड्याचं होतं. तासभर वाया जातो म्हणून सोबतीला येणारेही एकेक करून गळाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा आत्यांचं ताट भरलेलंच परत गेलं होतं.

"अहो, उशीर झाला का?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," आतोबा त्यांच्याजवळ बसत म्हणाले, "इथलं घड्याळ पुढं आहे."

आत्यांना ते पटलं. मी ताट परत मागवलं आणि सुचेल ते बोलत राहिलो. त्या दोन-चार घास जेवल्या. मला ते जुने शनिवार फार हवेसे वाटतात. इथं ड्रेस्डेनला शनिवारी जेवायला बसलो की मनात येतं, आत्यांशी आज कोण बोलत असेल.