शिरसाट मॅडम आणि निळी पडलेली मुलगी

डॉ. शिरसाट मॅडमसमोर ‘नुसतं’ म्हणायची आमची हिंमत नव्हती. क्रांती चौकाजवळच्या एका खासगी रुग्णालयात त्या भूलतज्ज्ञ होत्या आणि मी त्यांची सहायक. ‘नुसतं बधिर करायचंय,’ असं कुणी म्हणालं की त्या मास्क खाली ओढून विचारायच्या, “नुसतं म्हंजे? औषध तिथंच बसून राहतं व्हय? रक्तात जात नाय?” मॅडम मूळच्या सिल्लोडच्या. चिडल्या की त्यांची शहरी मराठी गळून पडायची.

एका दुपारी फर्दापूरची सुनीता आली. लग्न तोंडावर आलेलं. पार्लरवालीनं केस काढण्याआधी तिच्या दोन्ही पायांना बधिर करणारं मलम थापून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. तिचे ओठ, नखं निळी पडली होती. ऑक्सिजन लावूनही मशीनवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा वर सरकेना. सगळ्यांना हृदयाची शंका. मॅडमनी रक्त काढलं, तर ते चॉकलेटसारखं तपकिरी!

“हृदय नाय, मलम!” त्या ओरडल्या. “तांबड्या पेशी जागेवर हायेत, पण ऑक्सिजन पोचवायचं काम त्यांनी सोडलंय.”

यावरचं औषध आमच्याकडे नव्हतं. मॅडमनी फोनवर भांडून ते दुसरीकडून मागवलं. शिरेतून ते दिल्यावर तासाभरात सुनीताच्या ओठांवर लाली परतली. आम्ही खूश झालो.

पण तोवर तिच्यासोबत आलेल्या होणाऱ्या सासरच्या बायकांनी पोरीच्या हृदयाला भोक असल्याची बातमी सिल्लोडला, घरी पोचवली होती. लग्न अडलं. मॅडम मला घेऊन तिथं गेल्या. सासरा मक्याचा व्यापारी. मॅडम त्याला म्हणाल्या, “तुमचे ट्रक रस्त्यावर हायेत, पण माल उचलत नाय, असं झालं व्हतं. आता उचलतात. पोरगी ठणठणीत हाय.”

त्यानं चहा पाजला, मान डोलावली. “मॅडम, तुमचं समदं खरं. पण आमच्या बायांनी पोरगी निळी पडलेली बघितली ना.”

लग्न मोडलंच. मॅडमनी फर्दापूरला जाऊन सुनीताला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, माझ्यासाठी त्यांच्या हातापाया पडायला तुम्हाला सांगितलं कुणी?”



आता त्या निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला असतात. परवा फोनवर मध्येच म्हणाल्या, “त्या पोरीचं खरं व्हतं गं. पण गप बसायचं व्हतं का मी?”