जिंकल्यावर उडवायचे गोळे

चेटीना लहान असताना माल्टा पहिल्यांदा युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेत उतरला आणि शेवटचा आला. पुढच्या वर्षी पुन्हा शेवटचा. हाल-सावरा गावात तेव्हा टीव्ही मोजक्या घरांत होते. तिच्या बापाने शेजाऱ्याच्या खिडकीत उभं राहून निकाल पाहिला आणि घरी येऊन न जेवता झोपला. पुढे देशाने स्पर्धेत जाणंच सोडून दिलं. चेटीनाची शिवण कारखान्यातली नोकरी, लग्न, एकुलत्या एका विस्तिनचा जन्म, हे सगळं त्या रिकाम्या वर्षांत होऊन गेलं. मग माल्टा परत गेला, दोनदा तिसरा आला, आणि बेटावरची माणसं वर्षातल्या त्या एका रात्री देव पाण्यात घालून बसायला लागली.

तिचा नवरा नेनू गोदीत वेल्डर होता. पण ते पोटापुरतं. त्याचा जीव गावच्या संताच्या उत्सवातल्या आतषबाजीच्या दारूकामात. गावाबाहेर शेतात दगडी खोल्या होत्या. कामावरून सुटलेले पुरुष संध्याकाळी तिथे गोळे भरत. बायकांनी तिथे पाऊल टाकायचं नाही असा रिवाज. नायलॉनच्या कपड्यातून ठिणगी उडते म्हणून अंगावर फक्त सुती. नेनूचे सदरे चेटीना स्वतः शिवायची, धागासुद्धा सुतीच वापरायची. दारूकामात तिचा हात लागायचा तो एवढाच.

दोन हजार दोन सालच्या वसंतात नेनूने लाल-पांढऱ्या रंगांचे चार मोठे गोळे भरले आणि संतापुढे नवस बोलला, माल्टा जिंकला तरच हे उडतील. त्या रात्री शेवटच्या देशाचे गुण यायचे होते आणि माल्टा लाटव्हियाच्या बरोबरीत होता. नेनू शेतात जाऊन उभा होता, मित्राच्या फोनची वाट बघत. हातातोंडाशी आलेला घास गेला. माल्टा दुसरा.

चेटीनाने त्याला सांगून पाहिलं की दुसरे तर दुसरे, उडवून टाक. तो म्हणाला, "उत्सवात आपल्याशी चढाओढ करणारे पलीकडचे वाद्यवृंदवाले काय म्हणतील? हरल्याची वरात काढली म्हणून मरेपर्यंत ऐकवतील."

गोळे राहिले. जुनी दारू रागीट होते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. पण नवसाचा गोळा पाण्यात बुडवून निकामी करणं म्हणजे संताच्या तोंडावर पाणी मारणं, असं ते मानत. पुढच्या वर्षी माल्टा तळाला गेला तेव्हा नेनू चिडला. आता हे मी मेल्यावरच उडतील, निदान आतले रंग तरी उत्सवाला वापरतो, असं म्हणून त्याने एक गोळा उघडायला घेतला. भरलेला गोळा उघडणं हे त्या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम. दुपारी गावातल्या खिडक्या थरथरल्या. चेटीना पास्ता गाळत होती. आवाजावरून तिला खोली कळली. नेनूची शवपेटी बंदच ठेवून पुरली.

उरलेले तीन गोळे दुसऱ्या खोलीत होते. चौकशीवाले येण्याआधी दारूकामाच्या मंडळींनी ते कुणाच्या तरी विहिरीजवळच्या कोठडीत हलवले. मेलेल्या माणसाचा नवस, तो मोडायचा कसा? दारूकामाच्या मंडळाचे प्रमुख सुर ग्रेगोर यांनी सांगितलं की नेनूचा मुलगाच ते राखील. विस्तिन तेव्हा सतरा वर्षांचा. त्याची छाती फुगली. चेटीनाने त्याच्यासाठी सुती सदरे शिवायला नकार दिला, तेव्हा तो बापाचेच घालून जायला लागला. मग तिनेच ते बसून उसवले आणि त्याच्या मापाचे केले. ढगळ कपडा कशात अडकला तर?

दोन वर्षं ती त्या कोठडीवरून जाताना श्वास रोखून जायची. दोन हजार पाच साली माल्टाचं गाणं पुन्हा चांगलं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने विस्तिनला जेवताना धरलं.

"उद्या काहीही होवो, ते तीन उडवायचे."

"जिंकलो तर उडवणारच, आई."

"नाही जिंकलो तरी."

"पप्पांचा नवस आहे."

"नवस पप्पांचा, पोरगा माझा. उद्या उडवले नाहीस तर परवा मी घमेलं घेऊन येते आणि स्वतः पाणी ओतते. बायका तिथे येत नाहीत ना? बघू कोण अडवतं."

विस्तिन हसला, मग त्याने तिचं तोंड नीट बघितलं. ती बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं. आणि बुडवण्यापेक्षा उडवणं बरं, असा त्याने हिशोब केला असावा.

त्या रात्री शेजारची जीजा पास्तित्सी म्हणजे चीज भरलेल्या करंज्यांची परात घेऊन टीव्हीपुढे बसली होती. आपल्याला आपल्याच देशाला मत देता येत नाही, हा कसला न्याय, असं ती दरवर्षीसारखं म्हणाली. यंदा ग्रीस पुढे निघून गेला. माल्टा पुन्हा दुसरा. जीजा रडत होती. चेटीनाचं लक्ष खिडकीकडे.

पहिला गोळा फुटला. आभाळ लाल झालं. गल्लीत दारं धडाधड उघडली; ज्यांनी वैतागून आधीच टीव्ही बंद केला होता ते माल्टा जिंकला असं समजून ओरडत, मिठ्या मारत बाहेर आले. कुणी चर्चची घंटा वाजवली. दुसरा फुटला. चेटीना गजाला धरून उभी. तिसऱ्याला वेळ लागला. इतका, की ती तिथेच खाली बसली. मग तोही फुटला, पांढरा, आणि पाठोपाठ लांबून विस्तिनच्या मोटारसायकलचा आवाज आला.

खरं कळल्यावर गाव भडकलं. सुर ग्रेगोर यांनी दारात येऊन सुनावलं, "मेलेल्या नवऱ्याची लाज काढलीस, चेटीना."

"काढली," ती म्हणाली. "मुलाची अंत्ययात्रा तर नाही ना काढावी लागली."

पुढच्या वर्षी माल्टा एका गुणावर शेवटचा आला. बेकरीच्या रांगेत बायका तिला जागा देत, पण बोलत नसत. पलीकडच्या वाद्यवृंदवाल्यांनी मिरवणुकीत तिच्या दारापुढे रिकामा गोळा आपटला. हे सगळं तिने गिळलं.

विस्तिन तिच्याशी नीट बोलतो. रविवारी तिच्याकडे जेवतो. पण त्या रात्रीनंतरच्या सोमवारीच तो संध्याकाळी बापाचा सदरा घालून शेताकडे निघाला. संताचा उत्सव जवळ आला होता. चेटीनाने त्याला दारात थांबवलं, कॉलर उलटी करून बघितली, कुठून तरी येऊन अडकलेला एक नायलॉनचा धागा दिसला तो दाताने तोडला, आणि त्याला जाऊ दिलं.