ट्रॉलीखालचा देव

आता कसं सांगू तुम्हाला, अजून आठवलं की पदर तोंडावर घ्यावासा वाटतो! पण दुसऱ्याच्या तोंडून मीठमसाला लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या अंथुर्ण्यात मुलींचा कबड्डी क्लब आहे. माझी ईश्वरी त्यात खेळते. क्लबच्या मॅट न्यायला चार चाकांची छोटी ट्रॉली आहे, ती तात्यांच्या ट्रॅक्टरला जोडायची. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे. आणि मी? मी त्या ट्रॉलीची बिनपगारी सासू!

"तात्या, टायरात हवा हाय का? खिट्टी नीट बसली का? दोर आवळला का?"

मुली मागच्या जीपमध्ये असतात हो! एखादी मॅट सुटून काचेवर आली तर? मला झोप लागत नाही.

तात्या म्हणायचे, "सूनबाई, तू आरटीओ व्हायला पायजे हुतीस. सातवीत शाळा सोडलीस, म्हणून आमी वाचलो!"

तर दसऱ्याला मी आणि ईश्वरी बावड्याला, माझ्या माहेरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी इंदापुरात तिचा पहिलाच सामना. मॅट आमच्याच जायच्या होत्या. त्या पोचल्या नाहीत तर सामनाच नाही! म्हणून सकाळीच परत आलो. ईश्वरीला कपडे बदलायला घरी सोडलं आणि मी थेट मैदानावर. ट्रॉली उतारावर एकटीच उभी, खाली पाण्याची चारी. चाक बघायला वाकले आणि बघते तर काय!

चाकाला टेकून देव! हळद, कुंकू, झेंडूचं फूल, वर खोबऱ्याचा तुकडा. आणि ह्या पुरुषांनी त्याच्या अंगावर खुशाल चाक आणून ठेवलेलं! लेकीच्या पहिल्या सामन्याला असला अपशकुन?

पदर खोचला, देवाला दोन्ही हातांनी उचललं आणि कडुलिंबाखाली स्वच्छ जागेवर बसवलं. केवढं जड, पण देवाचं ओझं कुठं वाटतं?

मग मुली आल्या, शेजारीण कमल आली. माझे हुकूम सुरू. "मागं कुणी उभं ऱ्हायचं न्हाय! बाजूनं चढवा! सरळ ठेवा!"

तीन मॅट चढल्या. चौथी धप्पकन टाकली आणि ट्रॉली... निघाली की! आधी लाजत लाजत, मग पदर सोडून पळायलाच लागली, आणि थेट चारीत मागचं चाक! नशीब, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. आता तरी मी गप्प बसावं की नाही?

"तात्या, उतारावर ट्रॉली लावली आन् चाकाला दगड न्हाय?"

"आगं, लावला हुता की! चांगला दांडगा!"

"मग काय पाय फुटलं त्याला?"

सगळ्या खो खो हसल्या. तात्या बिचारे मान खाली घालून चारीत उतरले. साखळी लावली, ट्रॅक्टर ओढायचा, ट्रॉली दोन हात वर यायची आणि पुन्हा मागं. ईश्वरी रडकुंडीला आली. मी तिला आणि कमलला घेऊन कडुलिंबाखाली गेले. "देवा, एवढी ट्रॉली काढ, नारळ फोडीन!" कमलनं तर डोक्यातला गजरा काढून वाहिला. मागनं सगळ्या मुली रांगेनं पाया पडायला.

तेवढ्यात "चाकामागं द्यायला दगड बघा रं" म्हणत तात्या आले आणि जागीच थबकले. गजरा बाजूला केला आणि देवाला हात घातला!

"तात्या! देवाला हात लावू नका!" मी किंचाळले.

"कसला द्येव? ह्यो माझा दगड हाय! काल ट्रॉलीची पूजा केली, नारळ ह्याच्यावरच फोडला!"

ईश्वरीनं हळूच विचारलं, "आई, ह्याला हितं कुणी आणलं?"

काय सांगणार? म्हटलं, "पाय फुटलं त्याला."

दगड चाकामागं गेला आणि दोन झटक्यांत ट्रॉली वर! मॅटचा चिखल पुसत पुसत इंदापूर गाठलं. सामना झाला, ईश्वरीनं एक गडी बादही केला. पण त्याचं कुणाला कौतुक? येताना जीपमध्ये विषय एकच, मी!

संध्याकाळी तात्यांनी ट्रॉली परत जागेवर लावली. दगड चाकाला दिला आणि सगळ्या आयाबायांसमोर मला हाक मारली, "सूनबाई, पाया पडायचं आसंल तर आत्ताच पडून घे. मागनं हालवायचा न्हाय!"

असा राग आला म्हणता! काहीतरी सुनवायला तोंड उघडलं, तर सगळ्या माझ्या हातांकडं बघून हसतायत. मी खाली बघितलं.

हात कधीच जोडले होते!