कमरेला अर्धा किलो मसूर

नवे बूट आणले की काका ते पंधरा दिवस घरातल्या घरात घालून फिरायचे. अंगात बनियन, खाली लुंगी आणि पायात चकचकीत काळे बूट, हे त्यांचं रूप बहारीनमध्ये गुदैबियातल्या आमच्या इमारतीत बहुतेकांनी पाहिलेलं आहे. कुणी हसलं की म्हणायचे, "आधी अंगवळणी पडू दे. मग बाहेर."

चष्म्याचा नंबर बदलला तरी तेच. नवा चष्मा आधी फक्त नाश्त्याला, मग दुपारच्या जेवणालाही, आणि आठवड्यानं ऑफिसला. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. पण या सवयीपायी ज्याला पोलिसांनी दारात अडवलं, असा माझ्या पाहण्यात एकच.

नात्यातले नव्हेत, पण आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो. तुबलीतल्या आमच्या कारखान्यात ते वेल्डिंग तपासायचे. हातात टॉर्च, एक डोळा बारीक, आणि सांध्यावरून बोट फिरवत ते जे "हं" म्हणायचे, त्यावर माल पास झाला की नाही हे आख्ख्या शेडला कळायचं. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळते. एकाच इमारतीत राहत असल्यामुळे सात वर्षं मी त्यांच्याच गाडीतून ऑफिसला गेले. भाडं एकच, रोज सकाळी त्यांचं ऐकून घ्यायचं.

रिटायर व्हायला वर्ष उरलं, तेव्हा त्यांनी तासगावच्या अलीकडे, सासुरवाडीच्या गावापासून दीड किलोमीटर बाहेर बंगला बांधून घेतला होता. समोर रस्ता, मागे द्राक्षबाग, पलीकडे चार-पाच घरांची वस्ती. तिथं काकूंना घेऊन कायमचं जायचं होतं. त्याच सुमारास त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका बंगल्यात दरोडा पडला. म्हाताऱ्या नवराबायकोला खुर्चीला बांधून घातलं होतं. काकूंचा भाऊ फौजेतून निवृत्त झालेला. त्यानं फोनवर सांगितलं, "दाजी, लायसन काढा. एक छोटं रिव्हॉल्व्हर कमरेला असू द्या."

काकांनी आयुष्यात मच्छर मारायची रॅकेटसुद्धा काकूंच्या हातात दिलेली. पण ते सुट्टीवर गेले, अर्ज केला, डॉक्टरचा दाखला जोडला, आणि परत येऊन मला गाडीत हळूच म्हणाले, "मी वस्तू घेतोय."

"कसली वस्तू?"

त्यांनी गाडीच्या काचा वर केल्या. "बत्तीस बोअर."

तेव्हापासून तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. बहारीनमध्ये असली गोष्ट बाळगणं सोडाच, तिच्याबद्दल मोठ्यानं बोलणंही नको, असं त्यांचं मत होतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून नुसतं 'वस्तू'.

निवड करायची होती दोन वस्तूंमध्ये. मेहुण्यानं सांगलीच्या दुकानात जाऊन दोन्ही हातात धरून पाहिल्या होत्या. एक मोठी, सातशे ग्रॅमची. मूठ भरदार, हातात घट्ट बसणारी. दुसरी आखूड नळीची, अर्धा किलोची. लपायला सोपी पण धक्का जास्त देणारी. मेहुणा म्हणे मोठी घ्या. काकांचा प्रश्न वेगळाच होता. "चालवायची वेळ आयुष्यात एकदा येईल, नाहीतर येणारच नाही. बाळगायची आहे रोज. रोज कुठली सोसेल?"

हा प्रश्न, खरं सांगायचं तर, अगदी शहाणपणाचा होता. उत्तर शोधायची पद्धत मात्र त्यांचीच. त्यांनी किराणा दुकानातून मसुराची डाळ आणली, अर्धा किलो एका पिशवीत, सातशे ग्रॅम दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही पिशव्यांना तपकिरी टेप गुंडाळून घट्ट मुटकुळी केली. वस्तूचा आकार मुद्दाम दिला नाही. "आकार दिला की लफडं. वजनाला कुणी काही म्हणत नाही."

मग ती कमरेला राहणार कशी? आमच्या गल्लीत श्रीवर्धनकडचे उस्मानभाई शिंपी आहेत. काका मला साक्षीला घेऊन गेले.

"जाड कापडाची पिशवी हवी," काका म्हणाले. "पट्ट्यात अडकवायची. तोंड वर, पण हात घातल्याशिवाय आतलं हलता कामा नये."

"मोबाइल ठेवायचा काय?"

"नाही. डाळ."

उस्मानभाईंनी मापाची टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "काका, डाळ लोक डब्यात ठेवतात."

"तुम्ही शिवा हो."

त्यांनी शिवली, आणि चांगली शिवली. वर सल्लाही दिला, की असला मऊ पट्टा चालायचा नाही, वजनानं लोंबेल, तो दुहेरी चामड्याचा घ्या. काका खूश झाले. मेहुण्यानंही अगदी हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू. आधी मोठी पिशवी, उजव्या कमरेला, जरा मागच्या बाजूला. वर एक नंबर मोठा शर्ट, बारीक चौकड्यांचा, कारण साध्या कापडावर फुगवटा दिसतो. गाडीत बसले, सीटबेल्ट ओढला आणि "आई गं" म्हणून उठले. इथं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे बेल्टचं बकल नेमकं उजव्या कमरेला. डाळ आणि बकल यांच्यामध्ये काका. आठवडाभर ते तिरके बसून गाडी चालवत होते आणि मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. आठव्या दिवशी सिग्नलला त्यांनी एकदम कपाळावर हात मारला.

"अगं, तिकडं स्टिअरिंग उजवीकडे! बकल डावीकडे येणार! म्हणजे आठ दिवस मी उगाच मार खाल्ला."

सातशे ग्रॅम तीन आठवड्यांत नापास झाले. खुर्चीत बसताना टोचतं, वाकलं की शर्ट वर जातो. अर्धा किलो पुढच्या खिशात ठेवून पाहिलं, तर चालताना मांडीवर आपटे, आणि त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम असल्यामुळे गाडीच्या किल्ल्या रोज हरवत. पायाच्या घोट्याला बांधून पाहिलं, तर मोजा पुरेना. काकू म्हणाल्या, "माझ्या पर्समध्ये ठेवा." त्यावर काका गंभीरपणे म्हणाले, "पर्स तू भाजीवाल्याकडे विसरतेस." शेवटी अर्धा किलो, कमरेला, पण थोडा पुढे, असा निकाल लागला. एकदा आमटी करताना काकूंना डाळ कमी पडली, तेव्हा त्यांनी कात्री घेऊन स्वयंपाकघरातून हाक मारली होती, "अहो, कमरेची द्या जरा!" दिली नाही.

एकच खोड जात नव्हती. दर पाच मिनिटांनी त्यांचं कोपर आपोआप कमरेला लागायचं, आहे ना अजून, हे बघायला. मेहुण्यानं बजावलं होतं, की लपवलेली वस्तू तिच्या मालकाच्या हातामुळेच उघडी पडते. पण कोपर ऐकेना.

आणि ऑफिसला डोळे असतातच. काका कमर दाबतात, बसताना तोंड वाकडं करतात, ढगळ शर्ट घालतात. आमच्या मल्याळी फोरमननं निदान केलं : मूतखडा. त्याच्या बायकोनं थर्मासमधून कुळथाचं पाणी पाठवलं. काकांना नाही म्हणता येईना. सलग अकरा दिवस त्यांनी ते पाणी माझ्यासमोर प्यायलं. मग आमच्या बहारिनी मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "खलास, तुम्ही घरी जा, दोन दिवस आराम करा." काका बाहेर आले ते अगदी रडवेले. सव्वीस वर्षांत आजारपणाची एक खोटी रजा घेतली नव्हती. मी म्हटलं, मग खरं सांगा. म्हणाले, "काय सांगू? डाळ?"

त्यांच्या निरोपाचं जेवण कंपनीनं जुफैरमधल्या एका हॉटेलात ठेवलं, शुक्रवारी दुपारी. अमेरिकी नौदलाचा तळ जवळ असल्यानं त्या भागात दारावर तपासणी असते. मी काकांना घरून निघतानाच म्हटलं होतं, आज तरी काढून ठेवा. ते म्हणाले, "आज सुटाची चाचणी आहे." कोटाखाली कसं बसतं हे त्यांना पाहायचं होतं.

दारातल्या तरुण पोलिसानं काकांची दोन पावलं पाहिली, कोपर कमरेला लागलेलं पाहिलं, आणि हात वर केला.

"शिनू हादा?" म्हणजे, हे काय आहे?

सगळे थांबले. मागे मॅनेजर, फोरमन, त्याची कुळीथवाली बायको. पोलिसानं कोट बाजूला करायला सांगितलं, मग अगदी सावकाश पिशवी बाहेर काढायला लावली. टेप फाडली. लाल मसूर त्याच्या हातमोज्यावर सांडले.

"अदस?" त्याला खरंच कळेना. मग इथल्या हिंदीत, "ये डाल है. डाल इदर कायको?"

मी घाईघाईनं म्हटलं, "डॉक्टर बोला, कमर के लिए." पण काकांना खोटं बोलता येत नाही, हे मी विसरले होते. ते घसा साफ करून म्हणाले, "प्रॅक्टिस."

"किस का प्रॅक्टिस?"

आता हे 'वस्तू' म्हणणार आणि आम्ही सगळे चौकीवर जाणार. काकांनी क्षणभर विचार केला आणि जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं. "रिटायरमेंट का."

पोलिसानं त्यांच्याकडे पाहिलं. पांढरे केस, मोठा कोट, शेजारी पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या काकू. मग तो खदाखदा हसला. "तकाउद? मेरा बाबा भी तकाउद लिया. वो भी ऐसा हो गया. यल्ला, जाओ, खाना खाओ." आणि सांडलेली डाळ त्यानं स्वतः ओंजळीत गोळा करून काकांच्या हातात दिली.

जेवताना फोरमनच्या बायकोनं हळूच विचारलं, की खडा गेला का. काका म्हणाले, "आत्ताच, दारात."

परतताना काकू गाडीत हसून हसून डोळे पुसत होत्या. मीही हसत होते. काका मात्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. गुदैबियाच्या वळणावर ते म्हणाले, "त्यानं थांबवलं तेव्हा माझे हात कापत होते. डाळीसाठी. उद्या खरी असली तर काय होईल माझं?"

काकूंचं हसू थांबलं. "मग नका ना घेऊ."

"आणि तुला घेऊन त्या माळावर राहू कसा?" ते म्हणाले. "इथं चौथ्या मजल्यावर खोकलो तरी खालचा विचारतो, काय झालं. तिथं ओरडलो तर कोण येणार आहे? ओळखतंय कोण आपल्याला?"

गाडी लावेपर्यंत काकू रुमालात बांधून आणलेली ती डाळ निवडत बसल्या.

ते दोघं कायमचे गावी गेले. विमानतळावर निरोप द्यायला शेडमधले वीसेक जण आले होते. चार महिन्यांनी लायसन मिळालं आणि त्यांनी छोटी वस्तू घेतली. मी फोनवर विचारलं, "पडली का अंगवळणी?"

"मला पडली," ते म्हणाले. "गावाला नाही पडली."

मेहुण्यानं कौतुकानं गावभर सांगितलं होतं. लपवलेली वस्तू दोन दिवसांत सगळ्यांना ठाऊक. वस्तीवरची माणसं दारापर्यंत येईनात, रस्त्यावरूनच हाक मारायची, "बंदूकवाले काका, हायसा का?" न्हावी दाढी करताना एक शब्द बोलेना. भाजीवाली पिशवी फाटकाला अडकवून निघून जायची. "अगं, चोर येत नाहीत हे खरं," काका म्हणाले, "पण कुणीच येत नाही."

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत लायसनवाल्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. काकांनी केलं, पावती घेतली, आणि चार लोकांना सांगितलंही. पंधरा दिवसांत शेजारची म्हातारी ताक घेऊन आली. मग तिचा नातू गणित विचारायला. मग वस्तीवरच्या बायका, कारण यांच्या ओट्यावर सावली असते. निवडणूक झाली, हत्यारं परत न्या असा निरोप आला. मी विचारलं, आणलंत का? म्हणाले, "जाईन एकदा. सध्या द्राक्षांची गडबड आहे." पुढची निवडणूक लागली, तरी ते ठाण्यातच होतं.

यंदा सुट्टीत मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. कळवलं नव्हतं. बंगल्याचं फाटक उघडं, पुढचं दार सताड उघडं. आत काका नाहीत, काकू नाहीत. ओट्यावर तीन बायका शेंगा फोडत बसल्या होत्या आणि आतून चहाचा वास येत होता.

"काका?"

"शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात घिऊन गेल्यात, जोडीनं. बसा की. च्या झालाच."

एक जण आत जाऊन काकूंच्या कपाटातल्या चांगल्या कपात मला चहा घेऊन आली. साखर कमी वाटली तर तीही आणून दिली. डबा कुठं आहे हे तिला पाठ होतं. तासभर वाट पाहिली. माझी सांगलीची बस होती, त्यामुळे भेट होणं नव्हतंच. खजुराचं खोकं टेबलावर ठेवून मी निघाले आणि सवयीनं दार ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या उघडं," शेंगा फोडता फोडता ती म्हणाली. "येत असतंय कुणी ना कुणी."