अस्वलाची फाइल

आई गेल्यानंतरच्या काही महिन्यांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला येत, "रडून घे गं, मोकळी हो," म्हणत, आणि मी त्यांना चहात साखर किती ते विचारत असे. ऑफिसात तर माझं काम सुधारलं होतं. साहेबांनी चारचौघांत कौतुकही केलं. बधिर माणसाच्या हातून चुका कमी होतात, एवढं मला त्या काळात कळलं.

बाबांना मी गाझियाबादच्या घरातून गुडगावला माझ्याकडे आणलं होतं. मी एकटीच राहत होते. सोसायटी नवी, अर्धी रिकामी. बाल्कनीतून एकीकडे काचेच्या इमारती दिसत, दुसरीकडे मोहरीचं शेत, आणि त्या शेतात पुढच्या सोसायटीची पाटी रोवलेली. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दिल्लीत फायलींवर शेरे मारण्यात गेलेला. इथे त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना घरचा कॉम्प्युटर शिकवला. थोड्याच दिवसांत त्यांनी ईमेलचा ताबा घेतला, तो खात्याच्या डाकेचा घ्यावा तसा. आलेल्या प्रत्येक मेलला पोच जायचीच.

फक्त एका माणसाला ते लिहीत नसत. माझ्या धाकट्या भावाला. तो कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये होता. आई गेली तेव्हा त्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले होते. निघाला असता तर पुन्हा आत घेतलं नसतं. तो आला नाही. "मग तिकडेच राहा," असं बाबा फोनवर म्हणाले आणि त्यानंतर त्याच्याशी बोललेच नाहीत. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. बाबा उचलायचे, आवाज ओळखायचे आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. भाऊ मला विचारी, बाबा जेवतात का, झोप लागते का. बाबा समोर बसून मी काय उत्तर देते ते ऐकत. मला दोघांचाही राग यायला हवा होता, पण तेवढीही उमेद नव्हती. हे असंच चाललं तर एक दिवस बाबाही जातील आणि त्या दोघांचं बोलणं कायमचं राहून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसत होतं, एवढंच.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर बाबा दारातच उभे.

"अगं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस होता. काढला मी."

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींकडून मेल आला होता. एरवी त्यांचे मेल गणपतीची वर्गणी आणि कोजागिरीचं दूध यापलीकडे जात नसत. या मेलमध्ये मात्र मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा होता. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक नावाची फाइल असेल, तिच्यावर छोट्या करड्या अस्वलाचं चित्र असेल; तो भयंकर व्हायरस आहे, कुठल्याही अँटीव्हायरसला सापडत नाही, ताबडतोब डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. बाबांनी शोधलं, तर अस्वल खरोखरच होतं. त्यांनी ते उडवलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि ॲड्रेस बुकमधल्या झाडून सगळ्यांना मेल पुढे पाठवला.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सर्क्युलरमधून एखादं नाव गाळता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे न बघता हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचं उत्तर आलेलं होतं. "बाबा, मेल मिळाला. फाइल सापडली. डिलीट केली. थँक यू."

"पोच आली," एवढंच बाबा म्हणाले.

त्याच दिवशी ऑफिसात मी हा मेल आमच्या सिस्टिम्सवाल्याला दाखवला आणि तो हसतच सुटला. "मॅडम, ये तो होक्स है." ते अस्वल व्हायरस नव्हतंच. ती फाइल प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये कंपनीकडूनच येते, चित्रासकट. म्हणून तर शोधणाऱ्याला ती हमखास सापडते आणि विश्वास बसतो. खोटा इशारा ओळखायचा कसा, तेही त्याने समजावलं. तारीख नसते, मोठ्या कंपनीचं नाव असतं पण कुठे तपासून बघायचं ते नसतं, घाबरवणं फार असतं, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे 'सगळ्यांना पाठवा'. व्हायरस असलाच तर तो हा मेलच. तो माणसांकरवी पसरतो.

हे मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. मग ते तडकले. "सगळ्यांना पाठवा म्हटलं की खोटं? मग आम्ही चाळीस वर्षं काय केलं? सगळी सर्क्युलरं खोटीच काढली का?"

मी पानं घेतली. जेवून झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "शुद्धिपत्रक काढावं लागेल."

ती फाइल नसली तरी आमच्यासारख्यांचं काही अडत नाही, ती राहू दे, असं सिस्टिम्सवाला म्हणाला होता. बाबांना ते बिल्कुल मंजूर नव्हतं. आपल्या सांगण्यावरून काढली, तर आपणच परत बसवून द्यायची. शनिवारी आम्ही कॉम्प्युटरबरोबर आलेली सीडी शोधली. ती बराच वेळ घरघरली, आणि अखेर अस्वल जागेवर आलं. मग बाबांनी पूर्वीच्याच यादीला, एकही नाव न गाळता, नवा मेल पाठवला: आधीची सूचना रद्द समजावी, फाइल परत आणायची रीत खालीलप्रमाणे. फरीदाबादच्या एका काकांनी भलतीच फाइल उडवून प्रिंटर बंद पाडला होता. त्यांनी बाबांना फोनवर बरंच सुनावलं. बाबांनी ते ऐकून घेतलं.

भावाचं उत्तर संध्याकाळी आलं. "बाबा, सीडीचं नीट कळलं नाही. उद्या फोनवर सांगाल का?"

ते वाचून मात्र मी हादरले. हा माणूस रोजच्या भाकरीसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि ह्याला सीडी कळत नाही! ही थाप आंधळ्यालाही दिसली असती. आणि बाबांना कुणी आपली समजूत काढतंय असा नुसता वास आला तरी ते उठून जात. आता हे कायमचं तुटणार, असं मला वाटलं. बाबांनी मेल दोनदा वाचला आणि कॉम्प्युटर बंद केला.

रविवारी फोन वाजला. मी धावत जाऊन स्पीकर चालू केला. बाबा खुर्ची ओढून बसले.

"सीडी घातलीस का?"

"घातली, बाबा."

"आता डावीकडे खाली क्लिक कर. हळू. घाई नको."

"हं. केलं."

असं एकेक करत ते पुढे गेले. तो प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारायचा, ते पुन्हा सांगायचे. "आता शोधू दे त्याला," बाबा म्हणाले, आणि तिकडून लगेच आवाज आला, "मिळाली, बाबा. अस्वल दिसतंय."

बाबा क्षणभर थांबले.

"आता मशीन बंद करून परत चालू कर," ते म्हणाले. "मी आहे लाइनवर." आणि मग, जरा वेळाने, "तिकडे थंडी पडली का रे?"

पडली होती. तो सांगत राहिला. जेवणाचं, गाडीचं, घरमालकाचं. मशीन चालू झालं का, हे कुणीच विचारलं नाही. शेवटी बाबांनी रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला आणि ते बाल्कनीत गेले.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी डिलीट केलीच नव्हती. सांगू नकोस हां, यार."

फोन ठेवून मी बाल्कनीत गेले. बाबा शेताकडे बघत उभे होते.

"त्याने फाइल काढलीच नव्हती," ते म्हणाले. "आपली सीडी किती वेळ घरघरत होती. त्याचं म्हणे लगेच झालं." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी फोनवर आधी मी बोलेन."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी, अगदी पोटातून. हे दोघे कसे एकमेकांना फसवत बसले होते, हे आत्ताच्या आत्ता आईला सांगायला हवं, असं मनात आलं, आणि मी तिला हाक मारण्यासाठी आत वळले.